आकडा मोठा, खण लहान

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने सिराक्यूझचा राजा गेलॉन यास उद्देशून एक छोटे पुस्तक लिहिले. वाळूचे कण अगणित, असे लोक म्हणत. त्याने सारे विश्व वाळूने भरले तर कण किती होतील ते मांडून दाखविले. खरी अडचण कणांची नव्हती, नावांची होती. ग्रीकांजवळ स्वतंत्र नाव होते ते दहा हजारांपर्यंत. तेव्हा दहा हजार गुणिले दहा हजार, म्हणजे दहा कोटी, हाच नवा एकम धरून त्याने पुढच्या पायऱ्या रचल्या. आपल्याकडे शून्य व स्थानमूल्य असल्याने आपणांस हे कष्ट पडले नाहीत. पण याचा तोरा मिरविण्यात अर्थ नाही. यंत्राने आपणांस पुन्हा गेलॉनच्या दरबारी नेऊन बसविले आहे.

यंत्रात आकड्याला ठरलेला खण असतो. बत्तीस बिटांच्या खणात फार तर २,१४,७४,८३,६४७ मावतात. हिशेब पैशांत ठेवला, तर ही रक्कम होते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मोठ्या कारखान्यातील कामगारांचा फंड याहून सहज मोठा! १९९५ साली आलेल्या जावा भाषेत अशा खणात आणखी एक पैसा टाका: जमेची रक्कम एकदम नावे पडते, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही. पगारपत्रके तपासण्यात आमची उमर गेली. मुक्या चुकीचा भुर्दंड कोणाच्या पदरी येतो, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको.

यावर तोड म्हणून मोठ्या आकड्यांसाठी वेगळे ‘क्लास’ रचले गेले. जावात १९९७ साली ‘बिगइंटिजर’ आला. आकड्याचे तुकडे करून ओळीने मांडावयाचे व पाटीवरच्यासारखा हातचा धरावयाचा, ही त्याची रीत. परंतु गोदाम प्रशस्त झाले तरी दार अरुंदच राहिले. आज्ञेत पंचवीस अंकी आकडा उघडा लिहिला, तर क्लासच्या हाती पडण्यापूर्वीच कंपायलर तो वाचतो आणि खणात बसत नाही म्हणून परत धाडतो. म्हणून तो अवतरणचिन्हांत, नुसती अक्षरांची माळ म्हणून द्यावा लागतो. मग आलेल्या संख्येला दहाने गुणून पुढचा अंक मिळवीत आकडा आत उभा करता येतो.

‘सी प्लस प्लस’च्या २०११ च्या प्रमाणभाषेने आकड्याला शेपटी जोडून त्याचे अंक जसेच्या तसे क्लासकडे सोपविण्याची मुभा दिली. पायथनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत लहान-मोठ्या पूर्णांकांचा भेदच मोडून काढला. आम्हां युनियनवाल्यांस हा तोडगा अधिक पसंत पडावा, यात नवल नाही.