ऑनलाइन गेममध्ये जिंकलेले पैसे कार्डावरून काढताना किती कापले जातात? मर्यादा किती असते?

मोबाइलच्या स्क्रीनवर आकडा दिसतो : २५,००० रुपये. खाली हिरवं बटण असतं, ‘विथड्रॉ’. ते दाबलं की पैसे हातात, असं वाटतं. पण बुलढाणा जिल्ह्यात, संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात ते बटण दाबणारा आणि एटीएममधून नोट घेणारा, यांच्या मध्ये बऱ्याच गोष्टी असतात. आयकर असतो, रिझर्व्ह बँकेचे नियम असतात, कार्ड कंपनीचं शुल्क असतं आणि ऑगस्ट २०२५ पासून एक नवा केंद्रीय कायदाही आहे.

कुठे किती कापलं जातं आणि कुठलं कापणं म्हणजे सरळ फसवणूक, ते समजून घेऊया.

आधी हे : पैसे लावून खेळणं आता कायदेशीर आहे का?

‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५’ संसदेत दोन दिवसांत मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ यात येतात. ‘हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे’ हा जुना बचाव या कायद्यात चालत नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँका आणि पेमेंट कंपन्यांनाही या खेळांचे व्यवहार करायला मनाई आहे. खेळणाऱ्याला मात्र यात शिक्षा नाही.

कायदा येताच ड्रीम इलेव्हनसह मोठ्या भारतीय ॲप्सनी पैशांचे खेळ बंद केले आणि ग्राहकांना शिल्लक रक्कम काढून घ्यायला सांगितलं. कायद्याला आव्हान देणाऱ्या वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

याचा साधा अर्थ असा, की आज जे ॲप ‘पैसे लावा, जिंका, लगेच काढा’ म्हणतंय, ते बहुतेक वेळा परदेशात बसलेलं असतं. त्याच्याशी भांडण झालं तर दाद मागायला भारतात ऑफिस नाही. परदेशी सट्ट्यासाठी देशाबाहेर पैसे पाठवणं तर परकीय चलनाच्या नियमांनुसार आधीपासूनच बंद आहे.

सगळ्यात मोठी कपात : ३० टक्के टीडीएस

भारतीय ॲपवर जिंकलेल्या पैशांवर १ एप्रिल २०२३ पासून कलम १९४ बीए लागलं. पूर्वी ‘दहा हजारांच्या आत जिंकलं तर टीडीएस नाही’ असं लोक सांगायचे. ती सूट ऑनलाइन खेळांसाठी गेली. आता निव्वळ जिंकलेल्या रकमेवर थेट ३० टक्के. तेही पैसे काढताना. काढलेच नाहीत, तर आर्थिक वर्ष संपताना वॉलेटमध्ये जे आहे त्यावर. महिन्याला १०० रुपयांच्या आतली किरकोळ रक्कम काढली तर तेव्हा कापत नाहीत, एवढीच काय ती सवलत.

‘निव्वळ’ या शब्दाकडे नीट बघा. समजा, एखाद्याने वर्षात स्वतःचे ५,००० रुपये भरले आणि १२,००० काढले. जिंकले ७,०००. त्यावर टीडीएस २,१००. बँकेत येतील ९,९००. स्वतःच्या भरलेल्या पाच हजारांवर आयकर लागत नाही. (जीएसटी मात्र पैसे भरतानाच लागायचा. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के झाला.)

‘माझं उत्पन्नच करपात्र नाही, मग रिटर्न भरून टीडीएस परत मिळेल ना?’ हा प्रश्न गावातल्या सेतू केंद्रावर हमखास विचारला जातो. उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के कर आहे, वर उपकर. शेतमजूर असो वा डॉक्टर, दर एकच. शिवाय असं उत्पन्न असेल तर साधा आयटीआर-१ चालत नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, एवढं लक्षात असू द्या.

मग ‘कॅश कार्ड’ कशाला?

बँक खात्यात पैसे घेतले तर घरचे पासबुक बघतात, म्हणून अनेक जण प्रीपेड कार्ड किंवा वॉलेट कार्ड शोधतात. परदेशी ॲप्सही याच कार्डांची जाहिरात करतात. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनी या कार्डांना चांगलाच लगाम घातलेला आहे.

फक्त मोबाइल नंबर आणि एखादं ओळखपत्र देऊन मिळणाऱ्या छोट्या वॉलेटमध्ये जास्तीत जास्त १०,००० रुपये ठेवता येतात आणि त्यातून रोख काढताच येत नाही. गिफ्ट कार्डाचंही तेच. पूर्ण केवायसी केलेलं कार्ड असेल तर शिल्लक दोन लाखांपर्यंत चालते, पण कार्ड बँकेचं नसून बिगर-बँक कंपनीचं असेल तर रोख काढायची मर्यादा एका वेळी २,००० आणि महिन्याला १०,००० रुपये.

म्हणजे वरच्या उदाहरणातले ९,९०० काढायला पाच वेळा कार्ड घालावं लागेल. आणि सुरुवातीचे ते २५,००० रुपये? तीन महिने. ‘एका क्लिकमध्ये पूर्ण कॅश’ असं सांगणारी जाहिरात दिसली, की हा हिशोब आठवावा.

एटीएमचं शुल्क : सोनाळ्यात पाच, मुंबईत तीन

बचत खात्याच्या डेबिट कार्डाला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबई, दिल्लीसारख्या सहा महानगरांत तीन, आणि इतर सगळीकडे पाच. म्हणजे सोनाळा, संग्रामपूर, शेगाव इथल्या एटीएमवर पाच. इथे गावाकडचा माणूस फायद्यात आहे, असं म्हणायला हरकत नाही. फक्त शिल्लक बघणं हाही या पाचातलाच एक व्यवहार धरला जातो. पैसे आले का, हे बघायला चार वेळा कार्ड घातलं तर चार मोफत व्यवहार तिथेच संपले.

त्यापुढे १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २७ रुपये १४ पैसे. ही मोफत सवलत बचत खात्याच्या कार्डासाठी आहे. प्रीपेड कार्डाला ते देणाऱ्या कंपनीचा दर लागतो, आणि पाच वेळा काढलं तर तो पाच वेळा लागू शकतो.

मशीनने खात्यातून रक्कम वजा केली पण नोटा बाहेर आल्याच नाहीत, तर बँकेने पाच दिवसांत पैसे परत जमा करायचे असतात. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई न मागता मिळायला हवी, तरी शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घेतलेली बरी.

‘आधी शुल्क भरा, मग पैसे सोडतो’

आतापर्यंतची सगळी कपात तुमच्या रकमेतून होते. टीडीएस, एटीएम शुल्क, कार्डाचा दर, काहीही असो. यातलं एकही शुल्क कुणी आगाऊ मागत नाही.

फसवणूक करणारं ॲप नेमकं उलटं करतं. सुरुवातीला पाचशे-हजार रुपये खरंच खात्यात येऊ देतं. विश्वास बसला की मोठी रक्कम स्क्रीनवर दिसू लागते. काढायला गेलं की ‘३० टक्के टॅक्स आधी भरा’, मग ‘कार्ड ॲक्टिव्हेशन फी’, मग ‘मर्यादा वाढवण्यासाठी डिपॉझिट’. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे पैसे नव्हेत. तो त्यांनी टाइप केलेला आकडा आहे. आयकर विभाग टेलिग्रामवर यूपीआय आयडी पाठवून कर गोळा करत नाही.

विदर्भात यातलं मोठं प्रकरण जुलै २०२३ मध्ये उघड झालं. गोंदियाच्या एका बुकीने ऑनलाइन जुगाराच्या ॲपमधून नागपूरच्या व्यापाऱ्याला सुमारे ५८ कोटींना फसवल्याचा आरोप झाला. तक्रारीनुसार व्यापाऱ्याने जिंकलेले होते सुमारे पाच कोटी. गोंदियातल्या घरावर छापा पडला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं. रक्कम वेगळी असली तरी पद्धत तीच : आधी थोडं जिंकू द्यायचं.

पैसे आले, पण खातं गोठलं

हा धोका सगळ्यात कमी बोलला जातो. परदेशी ॲप तुमचे पैसे स्वतःच्या नावाने पाठवत नाही. ते भाड्याने घेतलेल्या, कुणाच्या तरी नावावरच्या खात्यातून येतात. त्याच खात्यात दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या सायबर फसवणुकीचे पैसेही आलेले असतील, तर तपासाची साखळी तुमच्या खात्यापर्यंत पोहोचते. पोलिसांच्या पत्रावरून बँक ती रक्कम रोखून धरते, कधी पूर्ण खातंच गोठवते. यूएसडीटीसारखं क्रिप्टो घेऊन ते अनोळखी माणसाला विकलं, तरी हेच होऊ शकतं.

सोनाळ्यासारख्या गावात घरात बहुधा एकच चालू खातं असतं. पीएम किसानचा हप्ता त्यातच, पीकविमा त्यातच, कापूस-सोयाबीनचे पैसेही त्यातच. पोराने दोन हजार जिंकले म्हणून बापाचं खातं गोठलं, तर पेरणीच्या तोंडावर बियाणं उधारीवर घ्यायची वेळ येते.

असं झालं तर शाखेत जाऊन आधी तीन गोष्टी लेखी मागा : कुठल्या राज्याच्या पोलिसांचं पत्र आहे, तक्रार क्रमांक काय, आणि किती रकमेवर रोख आहे. त्या पोलीस ठाण्याला स्टेटमेंट जोडून अर्ज पाठवता येतो आणि फक्त वादातली रक्कम रोखून बाकी खातं मोकळं करण्याची मागणी करता येते. तिथे दाद लागली नाही, तर न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग आहे. ‘पाच हजार द्या, खातं सुरू करून देतो’ म्हणणारा फोन आला, तर तो दुसरा ठग आहे असं समजा.

आणि तुम्ही स्वतःच ‘शुल्क’ भरून बसला असाल, तर १९३० वर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा, आणि ॲप डिलीट करू नका. त्यातले स्क्रीनशॉट आणि चॅट हाच तुमचा पुरावा.