९ ऑगस्ट १९४२ : वेढ्यातील लेनिनग्राडची मैफल

ज्या दिवशी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणा असफअलींनी तिरंगा फडकविला, त्याच ९ ऑगस्ट १९४२ रोजी, जर्मन सैन्याच्या वेढ्यात अन्नान्न दशेस पोहोचलेल्या लेनिनग्राड नगरीत द्मित्री शोस्ताकोविच यांची सातवी सिंफनी कार्ल एलियासबर्ग यांच्या संचालनाखाली सादर झाली. नभोवाणीच्या वाद्यवृंदातील कित्येक वादक उपासमारीने मृत्युमुखी पडलेले, उरलेल्यांच्या अंगी वाद्य फुंकण्याचेही त्राण नाही, अशा अवस्थेत आघाडीवरच्या पलटणींतून वादक बोलावून घेण्यात आले, आणि मैफलीत व्यत्यय येऊ नये म्हणून जनरल गोवोरोव यांच्या तोफखान्याने शत्रूच्या मोर्च्यांवर भडिमार केला. सव्वा तासाहून अधिक चाललेले ते वादन ध्वनिक्षेपकांवरून नगरवासीयांनी ऐकले, आणि खंदकांतील शत्रूच्या शिपायांच्या कानीही ते पोहोचले. मानवी धैर्याचा याहून शुद्ध आविष्कार संगीताच्या इतिहासात विरळाच.

इकडे मराठवाड्यात, नांदेड व लातूर हे मुलूख तेव्हा निजामाच्या अमलाखाली होते. आणि ज्यांचे नाव आज नांदेडचे विद्यापीठ अभिमानाने धारण करते, त्या स्वामी रामानंद तीर्थांना काँग्रेसचे मुंबईचे अधिवेशन आटोपून परतताच हैदराबाद सरकारने कैद केले. त्याच युद्धकाळात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचून रशियन जनतेची झुंज मराठी शाहिरीत आणली.

शोस्ताकोविच यांच्या त्या सातव्या सिंफनीच्या, आर्तुरो तोस्कानिनी यांनी १९ जुलै १९४२ रोजी न्यूयॉर्कहून केलेल्या थेट प्रक्षेपणाचे ध्वनिमुद्रण आजही उपलब्ध आहे. मराठवाड्यातील रसिकांनी ते अवश्य ऐकावे.