डाग पुसण्याचा छोटासा इतिहास

आजचा भाग एका डागामुळे सुचला. मी आजीची मुलाखत ट्रायपॉडवर शूट केली होती. पंधरा दिवसांत आजी गेली. नंतर फुटेज मोठ्या स्क्रीनवर लावलं, तर तिच्या हनुवटीवर एक पुसट काळपट ठिपका. लेन्सवर धुळीचा कण बसला होता, बाकी काही नाही.

फिल्मच्या काळात त्रास वेगळा होता. फिल्मवर ओरखडे पडायचे. त्यावर लॅबवाल्यांनी काढलेली युक्ती म्हणजे वेट गेट प्रिंटिंग. प्रिंट काढताना फिल्मला एका द्रवाचा थर द्यायचा. द्रवाचा अपवर्तनांक फिल्मच्या बेसच्या जवळचा असतो, त्यामुळे ओरखडा भरून निघतो आणि प्रकाश सरळ पार जातो. ओरखडा जागेवरच असतो, पण दिसत नाही!

१९९० च्या दशकात अनिल कोकारम यांच्यासारख्या संशोधकांनी हे काम सॉफ्टवेअरवर आणलं. फिल्मवरची धूळ बहुतेक वेळा एकाच फ्रेमवर असते. म्हणून आधी हालचाल ओळखायची, मग मागच्या-पुढच्या फ्रेममधून खरं चित्र आणायचं.

लेन्सवरचा डाग नेमका उलटा. तो प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी. शेजारच्या फ्रेमकडे उसनं मागायला गेलं, तर तिच्याकडेही तोच डाग! मग उरतं इनपेंटिंग. २००० साली बर्तालमिओ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत: डागाच्या कडेवरून आतलं भरत जायचं. सरळ सांगायचं तर अंदाज.

मी तेच केलं. एकदम स्वच्छ. आईला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, आईंचं गोंदण कुठे गेलं?"

डागाखाली आजीच्या हनुवटीवरचं गोंदण होतं. अल्गोरिदमने तिथे नुसती कातडी भरली होती.

तेव्हा खगोलशास्त्रज्ञांची जुनी रीत आठवली: फ्लॅट फील्ड. धूळ सगळा प्रकाश अडवत नाही, थोडा कमी करते. एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो घ्यायचा, किती प्रकाश कमी झाला ते मोजायचं आणि मूळ चित्राला त्याने भागायचं. नशीब, मी लेन्स पुसली नव्हती! तोच झूम, तोच फोकस, तेच अ‍ॅपर्चर ठेवून पांढरी भिंत शूट केली आणि फुटेजला भागलं.

डाग जवळजवळ गेला. कडेला अजून किंचित सावली आहे, ती मी राहू दिली. गोंदण परत आलं, आणि ते खरं आहे.

पुढच्या भागात भेटू. आणि हो, शूटच्या आधी लेन्स पुसा!