एका ब्राउझरचे दीर्घायुष्य

वेबवरचे पान आपल्या संगणकाकडे तयार चित्र म्हणून येत नाही. येतो तो मजकूर, आणि तो कसा मांडायचा याच्या खुणा. त्या खुणांचा अर्थ लावून पान पडद्यावर उभे करणारी आज्ञावली म्हणजे ब्राउझर. एकाच खुणेचे दोन ब्राउझरनी दोन अर्थ लावले, तर गोंधळ होणारच. म्हणून हे अर्थ सर्वांनी मिळून ठरवावे लागतात. त्यांनाच मानके म्हणतात.

१९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेकने वेब सामान्य लोकांपर्यंत नेले. १९९४ मध्ये नेटस्केप आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. एक्सप्लोरर विंडोजसोबतच मिळू लागल्यावर दुसरा ब्राउझर शोधण्याची गरज बहुतेकांना उरली नाही. २००१ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली आणि लवकरच नव्वद टक्क्यांहून अधिक लोक एक्सप्लोरर वापरू लागले. स्पर्धा संपली तशी सुधारणाही थंडावली. सातवी आवृत्ती यायला २००६ साल उजाडले.

नवी आवृत्ती फुकट मिळत असूनही अनेकजण सहावीलाच का चिकटून राहिले? त्यांचा आळस, हे उत्तर पुरेसे नाही. पाने आणि कार्यालयांतील कामकाजाच्या आज्ञावल्या मानकांऐवजी या एकाच ब्राउझरच्या सवयींप्रमाणे लिहिल्या गेल्या होत्या. ब्राउझर बदलला की त्या बंद पडत.

दक्षिण कोरियात काय घडले ते पाहू. भक्कम सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर तेव्हा अमेरिकेची बंधने होती. परदेशी जाणाऱ्या ब्राउझरमध्ये ४० बिटांची चावी असे. अशा चाव्या होतात २^४०, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी. संख्या प्रचंड वाटते, पण संगणकांना त्या एकेक करून लावून पाहणे अशक्य नव्हते. म्हणून कोरियाने 'सीड' ही १२८ बिटांची स्वतःची पद्धत बनवली. ती ब्राउझरमध्ये नसल्याने 'ॲक्टिव्हएक्स' या जोडभागातून बसवावी लागली, आणि ॲक्टिव्हएक्स चाले फक्त एक्सप्लोररमध्ये! सुरक्षिततेसाठी केलेल्या उपायाने बँकांचे व्यवहार एकाच ब्राउझरला बांधले गेले. या व्यवस्थेतील सरकारमान्य प्रमाणपत्राचा विशेष दर्जा २०२० च्या डिसेंबरमध्ये संपला.

जुन्या ब्राउझरमधील उणिवा हल्लेखोरांना ठाऊक होतात. जानेवारी २०१० मध्ये गूगलने आपल्यावरील हल्ला जाहीर केला. त्यात एक्सप्लोररमधील एक त्रुटी वापरली होती, आणि सहावी आवृत्ती तिला बळी पडली होती. त्यानंतर जर्मनी व फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला.

जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोरर निवृत्त केला. आज सर्वाधिक वापर २००८ साली आलेल्या क्रोमचा आहे. एज आणि ऑपेरा यांच्या आतही क्रोमचेच यंत्र आहे. हे यंत्र नियमित सुधारले जाते, हा मोठा फरक. तरीही केवळ क्रोममध्ये तपासून पाने लिहिली, तर जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहील. विद्यार्थ्यांना एखादे पान क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्हींत उघडून फरक शोधायला सांगावे. फरक आढळल्यास चूक कोणाची, पानाची की ब्राउझरची, हे मानक पाहूनच ठरवावे.