बिनाका गीतमाला : मत कोणाचे, मोजणी कोणाची?

अभिरुचीचा इतिहास शिकवताना आम्हांला एक अडचण नेहमी जाणवते. लेखक काय म्हणाले, समीक्षक काय म्हणाले, हे ग्रंथांत सापडते. सामान्य रसिकाला काय आवडले, याची नोंद क्वचितच सापडते. हिंदी चित्रपटगीतांच्या बाबतीत मात्र अशी नोंद सुमारे चार दशके होत राहिली. ती म्हणजे ‘बिनाका गीतमाला’. आम्ही थेरगावात राहतो. पवनेकाठच्या या गावांतून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळीला गेलेल्या पिढीतील मंडळी आजही एकत्र बसली, की अमुक गाणे त्या वर्षी पहिल्या ‘पायदाना’वर होते की नव्हते, यावर वाद रंगतो. गाण्याचे शब्द विसरलेले असतात, पण क्रमांक पाठ असतो.

हा विषय आम्ही वर्गात काढला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, ते मतदान खरे होते का?” प्रश्न साधा होता, उत्तर तितके साधे नाही.

मुळात हा कार्यक्रम जन्मला तो एका नकारातून. १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कडवे पुरस्कर्ते होते. चित्रपटसंगीत त्यांना सवंग वाटे. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्याने वाद घातला नाही. त्याने फक्त काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. ३ डिसेंबर १९५२ रोजी तेथे ‘गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी यांचा आवाज घुमू लागला. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती कोलंबोला रवाना होत. आपल्याच देशातील अभिरुचीचा निकाल असा समुद्रापलीकडून ऐकू येत असे.

आरंभी क्रमवारी नव्हती. सात गाणी वाजत आणि श्रोत्याने त्यांचा क्रम जुळवून कळवायचा, अशी बक्षिसाची स्पर्धा होती. पत्रांचा असा काही पूर आला, की ती तपासणे अशक्य झाले. मग लोकप्रियतेनुसार चढत्या क्रमाने गाणी लावण्याची प्रथा पडली आणि वर्षअखेरीस वार्षिक यादी येऊ लागली. १९५३ चे अग्रस्थान ‘अनारकली’तील गाण्याच्या नावे नोंदलेले आढळते. संगीतकार होते पुणतांब्याचे सी. रामचंद्र.

आता मोजणीकडे वळू. क्रम ठरे तो मुख्यतः तबकड्यांच्या खपावरून. दुकानदारांकडून आकडे मागवले जात. म्हणजे मत होते ते तबकडी विकत घेणाऱ्याचे. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही, त्याची आवड या हिशेबात येत नव्हती. शिवाय खप फुगवता येतो. म्हणून देशभरच्या श्रोता संघांचा कौलही विचारात घेतला जाऊ लागला. पोस्टकार्ड तबकडीपेक्षा पुष्कळ स्वस्त. पण तेथेही लिहिता येणे आवश्यक होते. चुलीपाशी बसून ऐकणारी, अक्षरओळख नसलेली बाई आणि दुसऱ्या पाळीत यंत्रावर उभा असलेला कामगार यांची आवड कोणत्याच रकान्यात बसली नाही. तेव्हा विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : मतदान खरे होते, मतदारयादी मात्र अपुरी होती.

तरीही हा कौल निरर्थक ठरत नाही. १९७५ च्या वार्षिक यादीत पहिली आली ती ‘रोटी कपडा और मकान’मधील महागाईवरची कव्वाली. त्या काळच्या संसाराची ओढाताण अनेक लेखांपेक्षा हा एक क्रमांक अधिक नेमकी सांगतो.

याउलट १९५७ साल पाहावे. ‘प्यासा’, ‘नया दौर’, ‘मदर इंडिया’ आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हे सारे त्याच वर्षीचे. वार्षिक यादीच्या शिखरावर मात्र होते ‘जनम जनम के फेरे’ या आज विस्मृतीत गेलेल्या चित्रपटातील गीत. त्याचे कवी भरत व्यास. ‘दो आँखें बारह हाथ’ची गीतेही त्यांचीच. वसंत देसाई यांनी स्वरबद्ध केलेली त्यातील प्रार्थना पुढे शाळाशाळांतून म्हटली गेली. कवी एक, वर्ष एक. वर्षाने एका गाण्याला कौल दिला आणि काळाने दुसऱ्याला. श्रोते चुकले असे आम्ही म्हणणार नाही. वर्षाला विचारलेला प्रश्न निराळा होता, काळाला विचारलेला निराळा.

मराठी गीतांच्या वाट्याला अशी क्रमवारी आली नाही. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ होती. पण फर्माईश म्हणजे मत नव्हे. फर्माईश करणाऱ्याला आपले गाणे हवे असते आणि आपले नाव, गावाचे नाव ऐकायचे असते. मत देणाऱ्याला दुसऱ्याच्या गाण्याशी तुलना करावी लागते. गीतमाला जोरात असतानाच, एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याआठवड्याने उलगडत गेले. त्या छप्पन्न गीतांना कोणी क्रमांक दिले नाहीत, तरी ती घराघरांत पोहोचली. केसकरांच्या आकाशवाणीने हेही दिले, हे त्यांच्यावर टीका करताना विसरू नये.

मग क्रमवारीने दिले काय? आमच्या मते, तिने श्रोत्याला कारण देण्याची सवय लावली. आपले गाणे तिसऱ्या पायदानावर घसरले, तर गुरुवारी सकाळी ते का घसरले हे सांगावे लागे. चाल, शब्द, गळा, चित्रपटाचे यश यांचा ऊहापोह करावा लागे. निकाल बुधवारी लागे, समीक्षा गुरुवारी सुरू होई.

१९८९ पासून ही माला विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सयानी गेले. त्या विद्यार्थिनीने मात्र तास संपताना आणखी एक प्रश्न विचारला : “आमच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकांना कोणी मत दिले होते?” आम्ही अभ्यासमंडळाचे नाव सांगितले, आणि लगेच जाणवले की हे उत्तर केसकरांचे आहे. पुढच्या तासाला आम्ही तिला एवढेच सांगितले, की यादी आम्ही बदलू शकत नाही. पण तिसऱ्या क्रमांकाचे पुस्तक पहिले का नाही, यावर गुरुवारचा वाद या वर्गात जरूर घालता येईल.