उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणीतला उकिरडा म्हणजे दुर्दैवाची परमावधी. पण एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारलं तर तो हसेल. बारा वर्षं कशाला? उन्हाळा सरता सरता उकिरडा गाडीत भरायचा आणि शेतात पसरायचा. पांग उकिरड्याचे फिटत नाहीत, उकिरडा आपले फेडतो!

मंडईतल्या कचऱ्याचं खत ह्या विषयावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. वाचायला बसलो आणि गाडी थेट इंदूरला जाऊन थांबली. इंदूर म्हटलं की आमच्या घरात पोहे, शेव, सराफा आणि मावशी ह्या क्रमाने आठवणी निघतात (मावशी, रागावू नकोस). खताची आठवण मात्र कुणीच काढत नाही. आणि जगभर ‘इंदूर’ हे नाव पोचलं ते मात्र खतामुळेच.

अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत आला. १९२४मध्ये तो आणि त्याची बायको गॅब्रिएल (तीही तितकीच मोठी शास्त्रज्ञ) इंदूरला आले. होळकर संस्थानने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर त्यांनी वनस्पती-संशोधन संस्था उभी केली. काम मुख्यतः कापसाचं. पण हॉवर्डच्या डोक्यात एक प्रश्न घर करून होता. इथला शेतकरी शेण जाळतो, काडीकचरा वाया जातो आणि जमीन उपाशी राहते. विकतचं खत त्याला परवडणार नाही. मग जे आहे त्याचंच सोनं कसं करायचं?

उत्तर तसं साधं निघालं. तुरीच्या, कापसाच्या पळकाट्या, पालापाचोळा, तण असा सुका माल. त्यावर गोठ्यातलं शेण, मूत मुरलेली माती आणि थोडी राख. असे थर द्यायचे, पाणी शिंपडायचं आणि ढीग वरखाली करायचा. पहिल्या महिन्यात दोनदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. सुरुवातीला ढीग ६५ अंशांपर्यंत तापतो, मग हळूहळू निवतो आणि ९० दिवसांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत तयार होतं. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे ५० गाड्या! ना यंत्र, ना कारखाना. १९३१मध्ये ह्यावर पुस्तक निघालं आणि ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्या पुस्तकावर दोन नावं आहेत. एक हॉवर्डचं. दुसरं यशवंत वाड ह्यांचं. संस्थेतलं रसायनशास्त्राचं काम वाड ह्यांच्याकडे होतं. ढिगात नत्र किती, कर्ब किती, कुठल्या मिश्रणाने काम लवकर होतं, हे सगळं मोजणारा माणूस. हॉवर्ड पुढे ‘सर’ झाला आणि जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांचा आद्यपुरुष ठरला. त्याचा मोठेपणा खराच आहे. पण वाड हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मीही ते पहिल्यांदा वाचलं ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर.

आणि वाडांच्याही मागे ज्यांचं नाव कुठल्याच मुखपृष्ठावर नाही अशी माणसं होती. ढीग वरखाली करणारी.

हॉवर्ड दांपत्याला ह्याची जाणीव होती. ह्या संस्थेविषयीच्या त्यांच्या १९२९च्या पुस्तकात मजुरांचा वेगळा विचार आहे. मजुरी वेळच्या वेळी, दिवसाला सहा तास काम, राहायला बरी जागा, दवापाण्याची सोय. खताच्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटली ती ही गोष्ट. खत जिवाणू करतात हे खरं, पण जिवाणूंना हवा देणारा हात माणसाचा असतो, आणि त्या हाताला पगार लागतो.

पुढे हीच पद्धत शेतातून शहरात आली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटणीची छावणी अशा तीन ठिकाणी वस्तीतला केरकचरा आणि मैला एकत्र करून खत होऊ लागलं. जॅक्सन आणि वाड ह्यांनी १९३४मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली. १९३५च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजीही संस्था बघून गेले. पण शहरातला मैला उचलून त्या खड्ड्यांपर्यंत कोण नेत होतं, हे आपल्या देशात वेगळं सांगायला नको. शेतातल्या मजुराला सहा तासांचा दिवस मिळाला होता. शहरात ते काम जातीने ठरलेलं होतं.

त्यानंतरचा इतिहास म्हणजे हे हात टाळता कसे येतील ह्याचा इतिहास आहे, असं मला वाटू लागलंय. १९३९च्या सुमारास बंगलोरच्या सी. एन. आचार्य ह्यांनी वेगळी पद्धत काढली. चर भरायचा, वरून मातीने लिंपायचा आणि विसरून जायचं. ढवळणं नाही, पण खताला सहाएक महिने लागतात. ही तरी सरळ देवघेव होती, श्रम वाचवा आणि वेळ द्या. पुढे १९७५ ते १९८०च्या सुमारास केंद्र सरकारच्या योजनेतून मोठ्या शहरांत यांत्रिक खत कारखाने उभे राहिले. रोज १५० ते ३०० टन कचरा गिळणारे. त्यातले बहुतेक बंद पडले. कचरा सगळा एकत्र आला, खतात काचा आणि प्लॅस्टिक आलं, खर्च वाढला आणि शेतकऱ्याने पाठ फिरवली. यंत्राला सगळं येत होतं, फक्त निवडता येत नव्हतं.

निवडण्याचं महत्त्व ओळखलं ते छोट्या प्रयत्नांनी. १९९५मध्ये ढाक्यात इफ्तेखार इनायतुल्ला आणि मकसूद सिन्हा ह्या दोघांनी ‘वेस्ट कन्सर्न’ सुरू केली. मीरपूरमध्ये लायन्स क्लबने जागा दिली. सायकलगाडीवाला दारोदार कचरा गोळा करायचा, घरं दरमहा थोडे पैसे द्यायची आणि बायका कचरा निवडून खत करायच्या. २००८च्या सुमारास त्याच लोकांनी ढाक्याबाहेर मोठा प्रकल्प उभारला, तो खास भाजीबाजाराच्या कचऱ्यासाठी. आपल्याकडे मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८मध्ये ‘परिसर विकास’ सुरू करून कचरा वेचणाऱ्या बायकांना खताचं आणि बायोगॅसचं शिक्षण दिलं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून कचरावेचकांचं काम हे ‘काम’ आहे, असं ठणकावून सांगत आली.

आता मंडईकडे येतो. खरं तर खतासाठी मंडईच्या कचऱ्यासारखा माल नाही. कोबीची पानं, मुळ्याचा पाला, सडके टोमॅटो, म्हणजे जवळजवळ सगळा ओला आणि एका जागी मिळणारा. पण तो फार ओला असतो. नुसता ढीग घातला तर दोन दिवसांत पाणी सुटतं आणि वास शेजारच्या गल्लीत जातो. त्याला सुक्याची जोड लागते. वाळलेली पानं, उसाचं पाचट, लाकडाचा भुसा, मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांतलं गवत. हाच तो हॉवर्ड-वाडांचा धडा.

आमच्या भागातल्या छोट्या मंडईमागे काही वर्षं असे ढीग चालले. भाजीवाल्यांनी आपसात वर्गणी काढली होती आणि दोन बायका रोज दुपारी निवडायला यायच्या. सुतळी, पिशव्या, थर्माकोल बाजूला, बाकी ढिगावर. खत आसपासच्या बागांमध्ये जायचं. मग कचरागाडी दारात येऊ लागली, सगळं एकत्र आणि फुकट घेऊन जाणारी. वर्गणी कशाला द्यायची, असा सवाल निघाला. सहा महिन्यांत ढीग संपले. पद्धत चुकली नव्हती. दोन बायकांचा पगार तेवढा बंद झाला होता.

आणि इंदूर? तिथल्या चोइथराम मंडईत २०१७-१८च्या सुमारास रोज २० टन भाजीपाल्यापासून गॅस करणारा प्रकल्प सुरू झाला. १९ फेब्रुवारी २०२२ला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याच्या मोठ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. २०१७पासून ओळीने सात वर्षं इंदूर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ठरलं. मावशी त्याबद्दल अभिमानाने सांगते तेव्हा मी आता एवढंच विचारतो, तुझ्याकडे कचरा न्यायला कोण येतं? तिला नाव माहीत आहे. ओला-सुका वेगळा नसेल तर ती बाई उलट बोलते, हेही ती सांगते. एवढ्या मोठ्या यंत्रालाही शेवटी दारातली ही बाई लागते. तिने घेतलाच नाही, तर ५५० टनांचं यंत्रही त्या जुन्या कारखान्यांच्याच वाटेने जाईल.

असो. उकिरड्याचे पांग केव्हाच फिटले, १९३१मध्ये त्याच्यावर पुस्तकसुद्धा निघालं. त्याला वरखाली करणाऱ्या हातांचे मात्र अजून फिटायचेत. तुमच्या गावच्या मंडईत संध्याकाळी उरलेल्या पाल्याचं काय होतं, आणि ते कोण करतं, जमलं तर त्यांच्या नावानिशी लिहा. वाचायला आवडेल.