ऑर्लँडोचे सांडपाणी आणि संत्र्यांच्या बागा

सांडपाणी शुद्ध करून शेतीला देण्याचा विषय निघाला की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते पाणी पाक आहे का? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर केव्हाच मिळाले आहे. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७८ मध्ये निर्णय दिला, की शुद्धीकरणानंतर रंग, वास आणि चव यांत घाणीची खूण उरली नसेल तर ते पाणी पाक आहे. आरोग्याला अपाय नसेल तर त्याने वुजूही करता येतो. मला अवघड वाटतो तो दुसरा प्रश्न. शहराचे पाणी शहराबाहेरच्या शेतापर्यंत न्यायचे कोणी, आणि पैसे कोणी भरायचे? त्याचे एक उत्तर मला अमेरिकेतील फ्लोरिडाच्या इतिहासात सापडले.

ऑर्लँडो शहर ऑरेंज काउंटीत आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण तिचे सरकार निवडून आलेले आणि महसूल स्वतःचा. शहर आणि काउंटी दोघेही आपापले प्रक्रिया केलेले सांडपाणी शिंगल क्रीक नावाच्या ओढ्यात सोडत. तो ओढा दक्षिणेला शेजारच्या ओसिओला काउंटीतील तोहोपेकलिगा सरोवराला मिळतो. म्हणजे पाणी एकाचे आणि शेवाळ दुसऱ्याच्या सरोवरात! अखेर मार्च १९८८ पर्यंत ओढ्यात पाणी सोडणे थांबवा, असा न्यायालयाचा आदेश आला. दोन सरकारे एकत्र आली ती अशी, शहाणपणापेक्षा धाकाने. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पाण्याच्या कामात बहुतेक ठिकाणी असेच घडते.

दोघांनी मिळून ‘वॉटर कॉन्सर्व्ह दोन’ हा प्रकल्प उभारला. पश्चिमेकडच्या संत्र्या-ग्रेपफ्रूटच्या बागांपर्यंत सुमारे २१ मैलांची मोठी जलवाहिनी आणि तिथून पुढे वाटपाचे जाळे. बागांना नको असलेले पाणी वाळूच्या उथळ तळ्यांत सोडून जमिनीत मुरवायचे, असेही ठरले.

खरी अडचण बागायतदारांची होती. झाडे मरतील, फळ कोणी घेणार नाही, ही त्यांची भीती. ती भाषणांनी गेली नाही. सरकारांनी २० वर्षांचा करार केला: पाणी फुकट, तेही दाबासह थेट बागेपर्यंत. त्या घडीला बागायतदारांना पाण्याची जेवढी गरज होती, त्याहून जास्त गरज सरकारांना बागायतदारांची होती, आणि ही गोष्ट दोन्ही बाजूंना ठाऊक होती.

थंडीनेही मदत केली. १९८३ चा नाताळ आणि जानेवारी १९८५, अशा दोन कडाक्यांत फ्लोरिडाच्या बागा होरपळून निघाल्या होत्या. पाणी गोठताना उष्णता सोडते, म्हणून अशा रात्री झाडाच्या बुंध्याशी बारीक फवारे सुरू ठेवले की बुंधा वाचतो. करारात या रात्रींचे पाणीही होते. मात्र सगळे बागायतदार एकाच रात्री मागणार, म्हणून जोडीला विहिरी ठेवाव्या लागल्या.

डिसेंबर १९८६ मध्ये पाणी सुरू झाले. माणसाने खायच्या पिकाला असे पाणी देण्याची परवानगी मिळालेला हा फ्लोरिडातील पहिला प्रकल्प. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी वाळूच्या जमिनीत वर्षाला १०० इंचांपर्यंत पाणी देऊन पाहिले. झाडे मेली नाहीत, उलट जास्त वाढली आणि फळही जास्त आले. रस थोडा पातळ झाला, एवढेच.

मग १९८९ च्या नाताळात पुन्हा कडाका आला. अनेकांनी त्यानंतर बागा पुन्हा लावल्याच नाहीत, जमीन घरबांधणीला विकली. २००५ मध्ये फ्लोरिडात ‘ग्रीनिंग’ हा संत्र्यांचा रोग सापडला आणि उरलेल्या बागांचेही कठीण झाले. जलवाहिन्या मात्र थांबल्या नाहीत. गोल्फची मैदाने आणि रोपवाटिका त्या पाण्यावर आल्या. बाकीचे पाणी वाळूच्या तळ्यांतून खाली जमिनीत उतरते.